चालू झाली का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: गाडी चालू झाली. चार वर्षांपूर्वीच झाली, घरी आणल्यावर दुसऱ्याच रविवारी. तरीही ती गॅरेजबाहेर फारशी दिसत नाही, हेही खरं, आणि या दोन गोष्टींचा मेळ कुणाला लागत नाही. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारतात, शेजारी बर्फ ओढता ओढता विचारतात, कोल्हापूरहून मावशी व्हिडिओ कॉलवर विचारते, "काय गं, ती लाल गाडी झाली का चालू?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मग रोज रात्री तिथं करतेस तरी काय?

गाडी आहे १९६६ ची फोर्ड मस्टँग. त्या एका मॉडेल वर्षात सहा लाखांहून जास्त मस्टँग बनल्या, त्यामुळे माझ्याकडे काही दुर्मीळ हिरा आहे असं समजू नका. गाडीचा चॅसी नंबर ६एफ०७सी असा सुरू होतो. सहा म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, शून्य-सात म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, आणि सी म्हणजे २८९ घनइंचाचं, दोन तोंडांच्या कार्बोरेटरचं व्ही-आठ इंजिन. आम्ही राहतो कँटनला, म्हणजे गाडी जिथं जन्मली तिथून जेमतेम वीस मैलांवर. तिचं सगळं आयुष्य मिशिगनमध्येच गेलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे महागात पडणार आहे.

इंजिन चालू करणं हा खरं सांगायचं तर सगळ्यात सोपा भाग होता. तीस वर्षं एका शेतावरच्या कोठारात उभं असलेलं इंजिन किल्ली फिरवून सुरू करायचं नसतं, एवढं माहीत होतं. आठही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवून बघितलं. फिरलं. प्लगना ठिणगी पुरवणारे पॉइंट गंजले होते. हे तेच, बजाजच्या स्कूटरला असायचे ते सीबी पॉइंट. काचकागदाने घासले, फिलरची पातळ पट्टी घालून सतरा थाऊ, म्हणजे इंचाचे सतरा हजारांश, अंतर ठेवलं. टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं झालेलं, म्हणून गवत कापायच्या यंत्राच्या डब्यातून पंपाला तात्पुरती नळी जोडली. पहिल्या प्रयत्नात कार्बोरेटरमधून फट् करून जाळ आला, कारण दोन प्लगच्या वायरी मी अदलाबदल करून लावल्या होत्या. सिलिंडर पेटायचा क्रम असतो १-५-४-२-६-३-७-८, तो मी आता झोपेतही सांगेन. दुसऱ्या प्रयत्नात लागलं. काय आवाज होता!

लगेच व्हिडिओ काढून बाबांना पाठवला. बाबांची कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथची दोन मशिनं होती, चाळीस वर्षं. माझे पाने, सॉकेट सगळे इंचाच्या अपूर्णांकातले, कारण ही गाडी मिलिमीटर ओळखतच नाही. आणि ते अपूर्णांक मी शाळेत नाही, बाबांकडे शिकले. आठ सूत म्हणजे इंच. इथे ज्याला नऊ-सोळांश म्हणतात तो माझ्यासाठी साडेचार सुताचा पाना, आणि क्रँकचा तो बोल्ट साडेसात सुताचा. तर बाबांनी व्हिडिओ पूर्ण बघितला आणि म्हणाले, "चालू काय, कुणीबी करंल. थांबती का?"

मी म्हटलं, बघू की बाबा, एवढी काय घाई आहे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, मी गाडी स्वतःच्या बळावर गॅरेजबाहेर काढली. मागे घेत होते. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता आहे. ब्रेक दाबला, एकदा धरला, आणि दुसऱ्यांदा दाबला तेव्हा पेडल सरळ जमिनीला टेकलं. अगदी मऊ. हँडब्रेक या गाडीत डॅशबोर्डखाली छत्रीच्या मुठीसारखा असतो. तो ओढला तर केबल गंजून तुटलेली, मूठ नुसतीच हातात आली. शेवटी गिअर पार्कात ढकलला. कडकड कडकड असा आवाज करत गाडी गेली ती समोरच्यांची टपालपेटी आडवी करून थांबली. माझी लेक व्हरांड्यातून बघत होती. तिने तेवढ्यात फोन बाहेर काढला होता, म्हणून मंडळातल्या निम्म्या लोकांनी हे पाहिलेलं आहे.

झालं होतं असं की मागच्या आसावर जाणारी ब्रेकची लोखंडी नळी फुटली होती. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने ती बाहेरून खाल्लेली. पण एक नळी फुटली म्हणून चारही चाकांचा ब्रेक का जावा? तर पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर, या गाडीत त्याला एकच कप्पा होता. पुढची चाकं आणि मागची चाकं एकाच तेलावर. कुठंही गळती झाली की सगळं गेलं. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांची हीच रीत होती. १९६७ च्या मॉडेलपासून मस्टँगला दोन कप्प्यांचा सिलिंडर आला, आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना तशी विभागलेली व्यवस्था कायद्यानेच लागू झाली. म्हणजे माझी गाडी एका वर्षाने हुकली.

समोरच्यांना नवी टपालपेटी बसवून दिली. बाबांना मात्र महिनाभर सांगितलं नाही.

त्यानंतरचे आठ महिने ब्रेक. चारही चाकांना ड्रम. पहिला ड्रम काढला आणि आतल्या काळ्या भुकटीवर कॉम्प्रेसरची हवा मारणार होते, उद्यमनगरात सगळे तसंच करायचे. मग आठवलं की त्या काळच्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. म्हणून ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसून घ्यायचं, चिंध्या पिशवीत बंद करायच्या, तोंडाला साधं फडकं नाही तर नीट मास्क. प्रत्येक चाकात लायनर बसवलेले दोन अर्धगोल शू असतात आणि ते सारखे नसतात. आखूड लायनरचा पुढच्या बाजूला, लांब लायनरचा मागच्या बाजूला. मी अतिउत्साहात दोन्ही चाकं एकदम उघडली, सगळे सुटे भाग एकाच ट्रेमध्ये, आणि जोडताना एका चाकाला दोन्ही आखूड, दुसऱ्याला दोन्ही लांब. एकावेळी एकच चाक उघडायचं, दुसरं नमुना म्हणून तसंच ठेवायचं, हे शहाणपण नंतरचं. रिटर्न स्प्रिंगांबद्दल काही बोलत नाही. उजव्या अंगठ्यावरची खूण दाखवते कधीतरी.

नळ्या मी निकेल-तांब्याच्या घातल्या. त्या हाताने वळतात आणि मिठाला दाद देत नाहीत. टोकाला दुहेरी घडीचं फ्लेअर करावं लागतं, म्हणजे नळीचं तोंड आधी आत दुमडायचं आणि मग पसरायचं. तुकड्यांवर सराव करताना पहिली आठ टोकं वाया गेली. कुठं वाकडं, कुठं चीर. नववं आरशासारखं आलं, ते मी पुसून लेकीच्या टेबलावर ठेवलं. तिला त्यात काय बघायचं ते कळलं नाही. मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा आणला आणि पुढची-मागची नळी वेगळी केली. गाडी मूळ होती तशीच हवी म्हणणारे यावर नाक मुरडतात. मुरडू देत. त्यांच्याही घरासमोर टपालपेटी असेलच.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं काम दोन माणसांचं. लेक पेडलवर, मी खाली आडवी. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं उजवं.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव." निपल पाव फेरा सैल, पारदर्शक नळीतून बाटलीत बुडबुडे. निपल बंद. "सोड."

हे असं शंभरदा. चौदा वर्षांची मुलगी आईशी सलग दोन तास बोलली, मग भले तीनच शब्दांत का होईना. शेवटी बुडबुडे थांबले आणि ती वरून म्हणाली, "आई, आता कडक लागतंय."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण नव्या ब्रेकच्या आनंदात मी गाडी धुतली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा भिजलेला.

काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागे, जाळीसारख्या फटी असतात ना, त्याखाली पत्र्याची एक बंद पेटी आहे. तिला काउल म्हणतात. त्यातून आत हवा येते आणि पावसाचं पाणी दोन्ही कडांनी खाली वाहून जातं. आत हवेच्या भोकांभोवती पत्र्याच्या उभ्या कडा आहेत, पाणी आत जाऊ नये म्हणून. साठ वर्षांची पानं, माती, मीठ तिथं साचून त्या कडा कुजतात आणि मग पाणी थेट पायावर. त्या जागी हात पोचत नाही, ब्रशही नाही. वरचा पत्राच काढावा लागतो. म्हणजे पुढची पाखं, काच, डॅशबोर्ड असं सगळं उतरवायचं आणि स्पॉट वेल्डचे टिपके एकेक करून ड्रिलने कापायचे. मी शंभरपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. एका दुकानाने या कामाचा आकडा सांगितला तो मी गाडीला दिलेल्या किमतीपेक्षा मोठा होता. त्या आकड्यात मी कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा वर्ग केला, मिग मशीन घेतलं, आणि तरी पैसे उरले. वेळेचा हिशोब नवऱ्याला विचारू नका.

पातळ पत्र्याचं वेल्डिंग म्हणजे भाकरी थापण्यासारखं आहे, सांगून येत नाही. सलग ओढलंत की पत्रा तापून पापडासारखा उचलतो. एक टिपका इथं, दुसरा वीतभर लांब, तिसरा पुन्हा इकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. काउल आणि पुढच्या दोन्ही बाजूंची जमीन धरून मला दोन हिवाळे लागले.

म्हणून जे कुणी "आम्हालाही एक जुनी घ्यायचीय" म्हणून येतात त्यांना माझं एकच सांगणं असतं. इंजिनाचा आवाज ऐकून विरघळू नका. विकणारा तेच आधी ऐकवतो. खिशात लोहचुंबक ठेवा. चाकांच्या वरच्या कमानीवर तो चिकटला नाही तर रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. गालिचा उचला. डिकीत वाका, या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, तिथली कड बघा. आणि मालकाची परवानगी घेऊन त्या काउलच्या फटीत तांब्याभर पाणी ओता, मग डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन डोकं घाला. परवानगी मिळाली नाही तर उत्तर मिळालंच. नंबरात आर असलेली, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन होजेला बनलेली आणि तिकडेच राहिलेली गाडी महाग पडते, पण मी आता परत घेतली तर तीच घेईन. आणि मस्टँगच का, तर तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनतो. दाराच्या रबरापासून अख्ख्या जमिनीच्या पत्र्यापर्यंत. दुसऱ्या एखाद्या गाडीचा एक काटा शोधण्यात वर्ष घालवणारे लोक मी बघितलेत.

बाबांनाही मस्टँगचं काही विशेष नाही. त्यांच्या लेखी अमेरिकन गाडी म्हणजे डॉज. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने जुळायच्या त्या. लहानपणी पाहिलेल्या एका काळ्या डॉजबद्दल ते अजून बोलतात. मागच्या वर्षी इकडे आले तेव्हा गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसायचे. माझ्या वेल्डिंगवरून बोट फिरवून म्हणाले, "घासलंस म्हणून बरं दिसतंय." कौतुकच होतं ते.

मेमध्ये काउलमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं. लेक खाली टॉर्च घेऊन. कोरडं. जूनमध्ये गाडी किराणा दुकानापर्यंत गेली आणि आली, वाटेतल्या प्रत्येक पाटीला मी गरजेपेक्षा बरीच आधी थांबले. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथंही नेली. चार तास पहिल्या गिअरच्या वेगाने रांगत होतो आणि इंजिन तापलं नाही.

तेव्हा चालूही होते, थांबतेही. चक्कर मारायची असेल तर दिवाळीच्या सुमारास या, रस्त्यावर मीठ पडायच्या आत. फक्त हीटरचा कोअर, म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर आतली हवा तापवणारी जाळी, गळत होता म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या मी इंजिनाकडेच एकमेकींना जोडून टाकल्या आहेत. स्वेटर घालून या.