पंखा पाचावरच आहे

नाशिकच्या मे महिन्यात दुपारी अडीचच्या सुमारास घरातलं कुणीतरी उठतं आणि पंखा पाचावर आहे ना, ते बघून येतं. असतोच पाचावर. तरी रेग्युलेटर एकदा चारवर आणून परत पाचावर नेला जातो. वारा वाढत नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

वारा खरंच कमी झाला असेल तर दोष बहुधा कपॅसिटरचा. पंख्याच्या दांड्याजवळ, वाटीत दडलेला चिमुकला डबा. बहुतेक घरगुती पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा. तो उतरत गेला की पंखा पाचावर असून तीनच्या चालीने फिरतो आणि पुढे पुढे झाडूच्या दांड्याने ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. काही घरं वर्षानुवर्षं ढकलतात. मेन स्विच बंद करून, जुन्यावर छापलेला आकडा वाचून तेवढ्याचाच नवा बसवायचा. मोठा बसवला तर वारा वाढल्यासारखा वाटतो, पण मोटरमधल्या तारेची गुंडाळी (वाइंडिंग) तापते.

रिकाम्या खोलीत गरगरणारा पंखा दिसला की मात्र डोकंच तापतं. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. अंगच नसेल तर ७५ वॅटची मोटर खोलीत उलट थोडी उष्णताच सोडते. बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचा पंखा तेच काम ३० वॅटच्या आसपास करतो. जुना तेरा तासांत जेवढं एक युनिट जाळतो, ते याला तेहेतीस तास पुरतं. बसवताना जुना रेग्युलेटर मधून काढायला सांगावं, नाहीतर आतला बोर्ड जातो. रिमोट हरवतो, त्याला इलाज नाही.

पण पंखा, एसी सगळे ज्याच्याशी झुंजतात तो डोक्यावरचा स्लॅब. जुन्या नाशकातल्या तांबट लेनकडच्या वाड्यांना जाड भिंती होत्या, मधे चौक होता; ऊन आत पोचेपर्यंत सूर्य कलायचा. इंदिरानगरच्या वरच्या मजल्यावर पाच-सहा इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री नऊ-दहाला आपल्यावर ओकतं. बाहेर गार, आत भट्टी. मार्चअखेर गच्ची झाडून, चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात दिले तर फरक पायालाही कळतो: दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहता येतं. पश्चिमेच्या खिडकीला पडदा बाहेरून हवा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं म्हणजे ते घरात आलेलंच असतं.

कूलर आपल्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा साठवतो. मृग लागला की त्याचा उपयोग संपला. एसीसोबत तर तो कधीच लावू नये, त्याची वाफ काढण्यातच एसी दमतो.

एसी १६ वर ठेवून खोली लवकर गार होते, हा समज जाता जात नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर २४ वरही पूर्ण ताकदीनेच चालतो, फक्त वेळेवर थांबतो. २०२० पासून नवे एसी मुळात २४ वरच सुरू होतात, ते उगीच नाही. २६ वर ठेवून पंखा दोनवर लावला तर पहाटे पांघरूण शोधावं लागतं. जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धरायची. ती तुंबली की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि मेकॅनिक म्हणतो, गॅस भरू. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरला तर पुढच्या मेमध्ये पुन्हा पैसे. आणि कबुतरांच्या धास्तीने बाहेरचं युनिट पेटीत कोंडू नये. ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतं.

एवढं सगळं असून नाशिककर रात्री खिडक्या लावून घेतो, याचं नवल वाटतं. गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. मेमध्येही पहाटे पारा बावीस-तेवीसपर्यंत उतरतो, आणि ती हवा फुकट आहे. दहानंतर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू करायचा, झोपायच्या खोलीची खिडकी उघडायची, मधली दारं उघडी ठेवायची आणि सकाळी आठला सगळं बंद. डास येतात, खरंय. जाळी लावली तर वारा बराच अडतो. दारांना मात्र अडसर लावा, नाहीतर मध्यरात्री ती आपटतात आणि खालचे काका वर येतात.