स्वराखालची रेघ

पुण्यात रस्त्याकडेला मांडलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात काही वर्षांपूर्वी मला बंदिशींचे एक पुस्तक मिळाले. त्याची सुरुवातीची पाने गळून गेली होती. पण मला स्वरलिपी वाचता येते, अशी माझी समजूत असल्याने त्याचे विशेष काही वाटले नाही. घरी येऊन भूप रागातली एक बंदिश पेटीवर काढायला बसले, तर रे, ग, ध या तिन्ही स्वरांखाली आडवी रेघ, म्हणजे तिन्ही कोमल, मूळ जागेपेक्षा उतरलेले. ज्या रागात सगळे स्वर शुद्ध लागतात, त्यात हे कसे, असा प्रश्न पडला. मग लक्षात आले की रेघ सा आणि प यांच्याखालीही आहे, आणि हे दोन स्वर तर अचल. ते कधी कोमल होतच नाहीत.

मी शिकले होते ती लिपी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची आणि पुस्तक होते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीचे. भातखंडे पद्धतीत स्वराखालची आडवी रेघ कोमलत्व दाखवते, तर पलुस्कर पद्धतीत तीच रेघ त्या स्वराला एक मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, द्यायची, असे सांगते. कोमल स्वराला तिथे पाय मोडल्यासारखी खूण असते. डोक्यावरच्या बिंदूचीही तीच कथा. भातखंडे यांच्याकडे तो तार, म्हणजे वरच्या सप्तकाचा आणि खालचा बिंदू मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाचा. पलुस्करांकडे मात्र वरचा बिंदू मंद्राचा आणि तारस्वरावर उभी रेघ. म्हणून कोणतेही पान वाचायला घेण्याआधी ते कोणत्या पद्धतीचे आहे, हे ठरवावे लागते.

आज अधिक रूढ असलेली भातखंडे पद्धती वाचायला तशी सोपी आहे. तीव्र, म्हणजे चढ्या, मध्यमावर उभी रेघ असते. स्वरापुढची आडवी रेघ म्हणजे तोच स्वर आणखी एक मात्रा लांबवणे, आणि स्वरांखाली लिहिलेल्या शब्दांत तेच काम अवग्रह (ऽ) करतो. एका मात्रेत दोन किंवा अधिक स्वर घ्यायचे असतील, तर त्यांच्याखाली चंद्रकोर काढून ते एकत्र बांधतात. कंसातला स्वर दिसला, तर त्याच्या वरचा स्वर, तो स्वतः, खालचा आणि पुन्हा तो स्वतः, असे चार स्वर त्वरेने घ्यायचे.

नवशिक्याची खरी अडचण स्वरांत नसून तालात असते. उदाहरणादाखल भूपाच्या स्वरांत मीच जुळवलेली त्रितालातील ही साधी ओळ पाहावी:

ग ग प ध | सां सां ध प | ग – प ग | रे – सा –

सोळा मात्रा, चार विभाग. आपल्याला वाटते, ओळ जिथे सुरू झाली तिथेच सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, असणार. परंतु त्रितालातील पुष्कळ बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. ही ओळही तशीच असल्याने तिच्या चार विभागांखाली अनुक्रमे ०, ३, × आणि २ अशा खुणा येतील (० म्हणजे खाली, × ही फुली म्हणजे सम), आणि सम तिसऱ्या विभागातल्या गंधारावर (ग) पडेल. मी कित्येक दिवस पहिल्याच स्वरावर जोर देत होते आणि तबल्याबरोबर बसले की सगळे उलटे पडत होते. आता मी आधी फुली कुठे आहे ते शोधते, हाताने ताल धरून मात्रा मोजते आणि मगच स्वरांकडे वळते.

या लिपीतला सा कोणत्याही एका पट्टीला बांधलेला नाही. तेच पान कोणी काळी एकमध्ये गाईल, कोणी काळी चारमध्ये. पाश्चात्त्य पाच रेषांच्या लिपीत स्वराची उंची ठरलेली असते. आपल्याकडे फक्त स्वरांचे परस्परांतले अंतर लिहिले जाते.

आणि तेही पुरते लिहिले जात नाही. भीमपलासी आणि दरबारी कानडा यांतला कोमल गंधार कागदावर अगदी एकसारखा दिसतो, ग आणि त्याखाली रेघ. पण दरबारीतला गंधार अधिक उतरलेला असतो आणि तो आंदोलन घेत, म्हणजे हलके झुलवत, संथपणे लावायचा असतो. पेटीच्या पट्टीवरही तो सापडत नाही. त्यामुळे दरबारीचे पान उघडले की मी पेटीचा भाता बंद करते आणि तानपुरा जुळवायला घेते.