६७९ सह्या कमी पडल्या तेव्हा

२०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसमधल्या आमच्या वाचनालयाबाहेर पन्नाशीचे एक गृहस्थ गांजा कायदेशीर करण्याच्या प्रस्तावासाठी सह्या गोळा करायला हातात पॅड आणि पेन घेऊन उभे असायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचे, "तुमची काउंटी कोणती?" कारण सह्यांच्या एका पुस्तिकेत एकाच काउंटीतले, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या एकाच भागातले मतदार चालतात. फ्रँकलिनवाल्यांची पुस्तिका वेगळी, शेजारच्या डेलावेअरवाल्यांची वेगळी. प्रस्तावित कायद्याचा अख्खा मसुदा पुस्तिकेतच छापलेला. नाव, पत्ता, तारीख, सगळं सही करणाऱ्याने स्वतः शाईने लिहायचं. मतदार यादीतला पत्ता जुळला नाही की सही बाद.

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मी मतदार नाही. त्यांनी पेन मागे घेतलं, पण मसुदा वाचायला दिला. मी तिथल्या बाकावर बसून तो चाळला. २१ वर्षांवरच्या कुणालाही अडीच औंस, म्हणजे साधारण ७० ग्रॅम गांजा जवळ बाळगता येईल, घरी माणशी ६ झाडं लावता येतील (एका घरात जास्तीत जास्त १२), आणि विक्रीवर नेहमीच्या कराखेरीज १० टक्के कर बसेल. गांजाचं मला प्रेम नाही. पण सामान्य माणसं कायदा लिहितात, दारोदार सह्या गोळा करतात आणि तो राज्यभर मतदानाला लावतात, हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते.

रस्ता मात्र लांबचा असतो. आधी गेल्या गव्हर्नर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या ३ टक्के सह्या, त्याही ८८ पैकी निदान ४४ काउंट्यांमधून. मग कायदा विधिमंडळापुढे जातो. विधिमंडळाला चार महिने मिळतात. तिथे काही झालं नाही तर पुन्हा नव्याने ३ टक्के सह्या. ओहायोच्या विधिमंडळाने काहीही केलं नाही, म्हणून दुसरी फेरी सुरू झाली आणि ते गृहस्थ आमच्या वाचनालयापाशी आले.

या फेरीत सव्वादोन लाखांच्या आसपास सह्या जमल्या. लागणार होत्या १,२४,०४६. तपासणीत इतक्या बाद झाल्या की शेवटी ६७९ कमी पडल्या. दोन लाखांवर सह्या आणि ६७९ साठी अडलं! कायद्यात अशा वेळी दहा दिवसांची मुदत असते. त्या दहा दिवसांत त्यांनी सहा हजारांवर सह्या आणून दिल्या आणि ऑगस्टमध्ये प्रस्ताव 'इश्यू २' म्हणून मतपत्रिकेवर गेला.

७ नोव्हेंबरला ५७ टक्के लोकांनी होकार दिला. गव्हर्नर माइक डिवाइन यांचा विरोध होता, तरीही. याच ओहायोने २०१५ मध्ये असाच एक प्रस्ताव जवळपास ६४ टक्के मतांनी पाडला होता. त्यात व्यावसायिक लागवडीचा हक्क फक्त १० ठरावीक जागांना मिळणार होता आणि त्या जागा मोहिमेला पैसा पुरवणाऱ्यांच्याच होत्या. लोक मसुदा वाचून मत देतात, हे मला त्यावरून पटलं.

निकालानंतरही ओढाताण संपली नाही. हा साधा कायदा आहे, राज्यघटनेतली दुरुस्ती नाही, त्यामुळे विधिमंडळ त्यात हात घालू शकतं. ७ डिसेंबरला कायदा लागू व्हायचा होता, तर आदल्याच दिवशी सिनेटने तो बदलणारं विधेयक मंजूर केलं. कनिष्ठ सभागृहाने ते उचललं नाही, म्हणून त्या वेळी तो वाचला. दुकानांतली विक्री ६ ऑगस्ट २०२४ ला सुरू झाली. मधले आठ महिने गांजा बाळगणं कायदेशीर, पण औषध म्हणून घेणारे रुग्ण सोडले तर बाकीच्यांना विकत घ्यायला राज्यात दुकानच नाही, अशी गत होती. लोक गाडी काढून शेजारच्या मिशिगन राज्यात जायचे.

इथे शिकायला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हात जोडून एक सांगते. ज्या कारणाने मला सही करता आली नाही, म्हणजे मी इथली नागरिक नाही, त्याच कारणाने ही मोकळीक आपल्या मुलांसाठी नाही. केंद्राच्या कायद्यात गांजा आजही अमली पदार्थच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राच्या हातात. दुकान कायदेशीर, बिल कायदेशीर, तरी "मी घेतला होता" एवढी कबुलीसुद्धा पुढे नडू शकते. अशा दुकानातली नोकरीही तितकीच धोक्याची. हे मुलांना विमानात बसण्याआधी सांगा.

बीडला काकूला फोनवर हे सगळं सांगितलं. आमच्या गावात आडवी बाटली झाली तेव्हा बायकांच्या पुढे काकूच होती. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा, आणि त्या मतदानाआधी पंचवीस टक्के बायकांच्या सह्या. काकू चिडलीच. "आम्ही दारू बंद करायला अंगठे गोळा केले, अन् यांनी गांजा आणायला?"

मी म्हटलं, "काकू, गांजाचं राहू दे, सह्यांचं ऐक." ६७९ चा हिशोब सांगितला तशी ती गप्प झाली. मग म्हणाली, साहेब सह्या तपासायला आले त्या दिवशी आपल्या अकरा जणी ऊसतोडीला गेलेल्या. एकीचं यादीत माहेरचं नाव. काकूने दिराला ट्रॅक्टर काढायला लावला, फडावर जाऊन सात जणींना घेऊन आली, कोयत्यासकट.

"सहाशे एकोणऐंशी," ती पुन्हा म्हणाली. "मंग ते दहा दिवस झोपले नसतील गं."