स्नेहसंमेलनातील तीन मिनिटे

आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन दरवर्षी डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीच्या आरंभी भरते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन आणि पाहुण्यांची भाषणे बीड जिल्ह्यातील आमच्या गावीही इतरत्र होतात तशीच होतात. माजी विद्यार्थी मंडळाचा कार्यवाह या नात्याने मला लिहायचे आहे ते दुसऱ्या दिवशी, बक्षीस वितरणानंतर होणाऱ्या स्लॅम काव्याच्या, म्हणजे स्वतःची कविता मंचावर सादर करून श्रोत्यांतील परीक्षकांकडून गुण मिळवण्याच्या फेरीविषयी.

नववी-दहावीच्या मुलांपुढे हा प्रकार प्रथम मांडताना आम्ही सांगितले होते की, मार्क स्मिथ या बांधकामावर राबणाऱ्या कवीने १९८० च्या दशकात शिकागो शहरात तो सुरू केला, १९८६ पासून तो तेथील ग्रीन मिल या जॅझ क्लबात रुजला आणि १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. मुलांच्या मनात त्यातला बांधकामावरचा माणूस तेवढा पक्का बसला. नियम मात्र त्यांनी लगेच पाठ केले. कविता स्वतःची हवी, ती तीन मिनिटांत संपली पाहिजे, वेशभूषा नको, वाद्य नको, हातात कोणतीही वस्तू नको. परीक्षक पाच आणि तेही श्रोत्यांतूनच उचललेले. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण सोडून उरलेल्या तिघांची बेरीज धरायची. आमच्याकडे किराणा दुकानदार, एसटीचे वाहक, अंगणवाडीच्या ताई असे परीक्षक पहिल्या रांगेत बसतात आणि पाटीवर खडूने गुण लिहून पाटी उंच धरतात.

प्रारंभी मुले वक्तृत्व स्पर्धेच्या सवयीने ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणून सुरुवात करीत आणि अर्धे मिनिट त्यातच जाई. आमच्या मराठीच्या बाईंनी त्यांना पैठणच्या नाथांच्या भारुडांची आठवण करून दिली. समोरच्या माणसाशी त्याच्याच बोलीत, थेट आणि अंग मोकळे सोडून बोलण्याची रीत आपल्या मातीत केव्हापासून आहे, हे त्यांनी स्वतः म्हणून दाखवले, तेव्हा मुलांचा आवाज सुटला.

मला दरवर्षी हलवून टाकते ती हंगामी वसतिगृहातील मुलांची कविता. दसरा-दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि ही मुले मागे राहतात. एका वर्षी नववीतील एका मुलीने मुकादमाकडून, म्हणजे तोडणीसाठी मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेल्या उचलीचा (आगाऊ रकमेचा) हिशेब मांडला होता: आजोबांचे औषध किती, थोरल्या बहिणीचे लग्न किती, बियाणे किती, आणि फिटेपर्यंत आईच्या कमरेचे काय. ती हातवारे करीत नव्हती. एकेक रक्कम उच्चारताना हाताचे एकेक बोट मिटत गेली आणि शेवटी वळलेली मूठ तशीच ठेवून खाली उतरली. वाहकांनी पाटीवर दहा लिहिले. ते वगळले जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी पाटी बराच वेळ खाली घेतली नाही. तिचे आईवडील तेव्हा उसाच्या फडावर होते. त्यांची अनुपस्थिती मी समजू शकतो. परंतु आपल्या मुलांचे नृत्य आटोपताच खुर्च्या सरकवून निघणारे पालक आणि बीड, संभाजीनगर, पुण्याहून केवळ शुभेच्छा पाठवणारे आमचे माजी विद्यार्थी यांच्याविषयी मनात खंत आहे आणि ती येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

ही फेरी ज्यांच्यामुळे उभी राहते त्यांचा उल्लेख राहू नये. मुलांच्या कच्च्या वह्या रात्री जागून वाचणाऱ्या मराठीच्या बाई, मंडप आणि ध्वनिक्षेपक अत्यल्प भाड्यात देणारे आमच्याच तुकडीचे मित्र, घड्याळ लावून वेळ मोजणारे गणिताचे सर, पाट्या पुसून ओळीने मांडणारे शिपाईमामा, वसतिगृहातील मुलांना रात्री सांभाळून परत नेणाऱ्या मावशी, वीज गेल्यास जनरेटर देणारे गिरणीवाले काका आणि चहाचा एक पैसाही न घेणारे हॉटेलवाले भाऊ यांचे मंडळ ऋणी आहे. सतरंज्या देणाऱ्या भजनी मंडळाचे नाव मागील अहवालात राहून गेले होते, म्हणून ते आवर्जून येथे घेतो.

ही फेरी स्नेहसंमेलनापासून वेगळी काढून, साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घ्यावी, असा प्रस्ताव मी मंडळाच्या बैठकीत मांडला आहे. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि ऊनही फार असते, हा काही सदस्यांचा आक्षेप खरा आहे. परंतु कार्यक्रम दिवस मावळल्यावर घेता येईल आणि त्या सुमारास तोडकरी आईवडील गावात असतील.