छताला भोक

त्या दुपारी हातात ड्रिल मशीन घेऊन मी गाडीच्या छताकडे बघत साधारण पाऊण तास उभा होतो. गाडी माझी, ड्रिल माझं, छताच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी टेपवर पट्टीने मोजून काढलेली फुलीही माझीच. आता फक्त बोट दाबायचं होतं. ते काही दबेना. बायको दोनदा डोकावून गेली. पहिल्यांदा तिने "झालं का?" असं विचारलं. दुसऱ्यांदा नुसतंच बघून गेली, आणि ते जास्त लागलं.

प्रकरण सीबी रेडिओचं होतं. आम्ही चार-पाच मित्र वर्षातून एकदोनदा गाड्या काढून डोंगरात जातो. पुढची गाडी पुढे निघून जाते, मागची मागे राहते, आणि कुणीतरी वळण चुकलं की नेमकी तेव्हाच मोबाइलची रेंज गेलेली असते. मग एकाने टूम काढली, की सगळ्यांनी सीबी बसवायचा. सिटिझन्स बँड. २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा, साध्या माणसांनी साध्या माणसांशी बोलावं म्हणून राखून ठेवलेला पट्टा. अमेरिकेत तो १९५८ साली खुला झाला. पण त्याचे खरे दिवस आले ते १९७३ च्या तेलटंचाईनंतर. महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि ट्रकवाल्यांनी सीबी डोक्यावर घेतला. डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठल्या पुलाआड दबा धरून बसलेत, सगळ्या बातम्या चॅनेल १९ वर. प्रत्येकाला टोपणनाव हवंच. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीसुद्धा 'फर्स्ट मामा' हे नाव घेतलं होतं. २३ चॅनेल पुरेनात, म्हणून १९७७ पासून ४० केले. किती वॉट चालतात, कुठले चॅनेल चालतात, हे नियम देशागणिक वेगळे. ते आधी बघावे लागतात. आमच्यात एक नियमवाला आहे, त्याने ते बघितले आणि आम्ही त्याच्यावर विश्वास टाकून मोकळे झालो.

रेडिओ बसवणं तासाभराचं काम निघालं. डॅशबोर्डखाली एक पट्टी, तिला दोन स्क्रू. म्हणजे तिथेही दोन भोकं पडलीच, पण ती प्लास्टिकला, आणि गुडघे वर घेऊन आडवं झाल्याशिवाय न दिसणारी. जे दिसत नाही ते भोक नव्हे, असं माझं जुनं मत आहे. वीज थेट बॅटरीवरून घेतली. लायटरच्या सॉकेटमधूनही घेता येते, पण मग ॲक्सिलरेटर दाबला की रेडिओत एक बारीक शिट्टी सुरू होते आणि गाडीच्या वेगाबरोबर तिचाही सूर चढत जातो. ऑल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचं गाणं. लाल आणि काळी, दोन्ही वायरींना बॅटरीजवळच फ्यूज लावले. एवढं सगळं मी न अडखळता केलं.

अडलं ते अँटेनापाशी. या लहरींची लांबी ११ मीटर. चांगली अँटेना त्याच्या पाव हिश्शाची तरी हवी, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास. एवढी काठी गाडीवर उभी केली तर झाडाझाडाला सलाम करत जावं लागेल. म्हणून बुडाशी तारेचं वेटोळं घालून ती आखूड करतात. काही ताकद जाते, पण झाडं वाचतात. खरी गंमत पुढेच आहे. ती काठी म्हणजे अर्धीच अँटेना असते. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. काठी छताच्या मधोमध असली तर आवाज चहूकडे सारखा जातो. मागच्या डाव्या कोपऱ्यात लावली तर तो पुढच्या उजव्या बाजूला जास्त जातो, कारण पत्रा जास्त त्या बाजूला. म्हणून जाणकार माणूस कुठलाही असो, सांगतो एकच : छताच्या मध्ये भोक पाड, खालून वायर घे, आयुष्यभर बघायला नको.

आयुष्यभर. मला वाटतं, त्या शब्दालाच माझं बोट अडलं.

आमच्या घरात भिंतीला खिळा ठोकायला बंदी होती. घर भाड्याचं होतं तेव्हा मालकाच्या भीतीने, आणि स्वतःचं झालं तेव्हा स्वतःचं म्हणून. बाबा बाकी कुठल्याच बाबतीत कडक नव्हते. परीक्षेत नापास झालं तरी 'बघू पुढच्या वेळी' म्हणणारा माणूस. पण हातोडी कुणी हातात घेतली की ते कुठल्याही खोलीतून उठून यायचे. अख्ख्या घरात एकच खिळा होता, बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी. तो घराबरोबरच आलेला. सगळा संसार त्या एका खिळ्यावर. चालू वर्षाचं कॅलेंडर, त्याच्या मागे मागच्या वर्षाचं (तारखांवर काहीतरी लिहून ठेवलेलं असायचं), किल्ल्या, कापडी पिशवी, छत्री, आणि धावण्यात मला आयुष्यात एकदाच मिळालेलं पदक. दादाला त्याच्या आवडत्या खेळाडूचं चित्र लावायचं होतं. बाबांनी उदार मनाने परवानगी दिली : कॅलेंडरच्या मागे लाव. म्हणून आमच्या घरी आलेल्या माणसाला त्या खेळाडूचे फक्त बूट दिसायचे. बाकीचा बघायचा तर कॅलेंडर उचलावं लागे.

एका रविवारी बाबा बाहेर गेलेले बघून दादाने स्वतःच खिळा ठोकला. खिळा आत गेलाच नाही, तळहाताएवढं प्लास्टर मात्र खाली आलं. आम्ही दोघांनी टूथपेस्ट भरून ते भोक बुजवलं, वरून खडू घासला, समोर खुर्ची सरकवली आणि खुर्चीवर दप्तरांचा ढीग रचला. दप्तरं स्वतःहून जागेवर ठेवलेली बघितल्याबरोबर बाबांना संशय आला असणार. त्यांनी खुर्ची बाजूला केली. भोकात करंगळी घातली. टूथपेस्ट अजून ओली होती. ओरडतील म्हणून आम्ही वाट बघत राहिलो, तर ते तसेच उभे. मग करंगळी धोतराला पुसून एवढंच म्हणाले, "हे आता कायमचं." त्या रात्री दोन थोबाडीत मिळाल्या असत्या तर मी हा प्रसंग केव्हाच विसरलो असतो.

तर ते ड्रिल मी पेटीत ठेवून दिलं, टेप सोलून काढली आणि मॅगमाउंट आणला. मॅगमाउंट म्हणजे बुडाला जाड गोल चुंबक असलेली अँटेना. छतावर ठेवायची, खट्‌कन बसते. छत ॲल्युमिनियमचं किंवा काचेचं नसलं म्हणजे झालं. वायर दाराच्या रबरातून आत घ्यायची. भोकबिक काही नाही. जाणकार मित्र म्हणाला, "भित्रा आहेस." मी म्हटलं, "गाडी विकताना बघू कोण भित्रा ते." असं उत्तर सुचलं की आपण बरोबर आहोत असं वाटायला लागतं.

मग ट्यूनिंग. इथे एसडब्ल्यूआर नावाचा मीटर लागतो. रेडिओने पाठवलेल्यातलं किती अँटेनाने घेतलं आणि किती परत फेकलं, ते तो सांगतो. काटा १ वर आला तर सगळं घेतलं. दीडवर ४ टक्के परत आलं. ३ वर २५ टक्के, म्हणजे रेडिओच्या जिवावर बेतायला सुरुवात. अँटेना न जोडता तर बोलायचं बटण दाबूच नये. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा काटा ३ च्या पलीकडे. घाम फुटला. तपासतोय, जोड घट्ट करतोय, पुन्हा मोजतोय, तोच आकडा. शेवटी मित्राने वर बोट दाखवलं. मी गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी केली होती. उघड्यावर आणली, दारं लावली, मित्राला चार पावलं लांब उभं केलं (माणूस जवळ असला तरी आकडा बदलतो), आणि काटा शहाण्यासारखा वागायला लागला. चॅनेल १ वर सव्वादोन, चॅनेल ४० वर दीडच्या आत. खालच्या चॅनेलवर जास्त म्हणजे काठी आखूड पडतेय, वरच्यावर जास्त म्हणजे लांब. छोटा स्क्रू सैल करून काठी जराशी वर ओढायची, पुन्हा मोजायचं. नखाएवढी वर, अर्ध्या नखाएवढी खाली. या कामात दुपार कशी गेली कळलंच नाही. दोन्ही टोकांना आकडा सारखा आला तेव्हा मला उगीचच बाबांना दाखवावंसं वाटलं. त्यांना यातलं काही कळलं नसतं. पण भोक नाही, हे कळलं असतं.

पहिल्या चाचणीला मित्र त्याची गाडी घेऊन निघाला. "ऐकू येतंय का?" "येतंय." "आता?" "येतंय." "आणि आता?" पाच-सहा किलोमीटरवर मध्ये टेकडी आली आणि तो खरखरीत बुडाला. तेवढ्या सगळ्या वाटेत आम्ही दुसरं एक अक्षर बोललो नाही. बोलायला होतंच काय? एरवी रोज फोनवर तासभर बोलणारी माणसं आम्ही. पण इथे एकाने बटण दाबलं की दुसऱ्याला गप्प बसावंच लागतं, आणि त्या सक्तीने दोघेही एकदम शहाणे होतो. त्याच महिन्यात एका संध्याकाळी मी एकटाच गाडीत बसलो असताना खरखरीतून एक अनोळखी भाषा वर आली. कुणीतरी लांबवर, बहुतेक हजारो किलोमीटरवर, कुणाला तरी हाका मारत होतं. सूर्यावर डाग वाढले की वातावरणाचा वरचा थर या लहरींना आरशासारखा परत पाठवतो, दर ११ वर्षांनी असे दिवस येतात, हे मला वाचून ठाऊक होतं. तरी मी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर अर्थातच कुणी नव्हतं.

हे सगळं सांगायचं नव्हतं खरं तर. मागच्या आठवड्यात गाडी धुवायला घेतली आणि सात-आठ महिन्यांत पहिल्यांदाच चुंबक उचलला. त्याच्याखाली एक गोल होता. बारीक रेती अडकलेली, गाडी चालताना काठी हलणार, चुंबक कणाकणाने घासणार. रंग पार पत्र्यापर्यंत गेलेला आणि कडेने तांबूस गंज धरलेला. बशीएवढा. भोक पाडलं असतं तर ते फार तर नाण्याएवढं झालं असतं.

बाबा गेल्यावर घराला रंग द्यायचा म्हणून त्या खिळ्यावरचं सगळं उतरवलं होतं, ते तेव्हा आठवलं. शेवटचं कॅलेंडर काढलं तर भिंतीवर एक अर्धचंद्र कोरलेला. कॅलेंडरच्या खालच्या पत्र्याच्या पट्टीने, पंख्याच्या वाऱ्यावर डावीकडे-उजवीकडे, वर्षानुवर्षं. हातभर लांब, नखभर खोल, आतली वाळू दिसत होती. रंगारी म्हणाला, हे नुसत्या रंगाने झाकणार नाही. दर १ जानेवारीला जुनं कॅलेंडर काढून नवं लावायचं काम आमच्याकडे बाबांचं असे. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत.

मी छतावरचा गोल फडक्याने पुसला, कोरडा केला आणि चुंबक पुन्हा बरोबर त्याच्यावर ठेवला. खट्‌कन बसला. बायकोला अजून सांगितलेलं नाही.