महाशिवरात्रीनंतरचा कागद

काल महाशिवरात्र झाली. या दिवशी थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आमच्या घरात आजीच्या काळापासून म्हटले जाते. कोल्हापुरात पहाटेचा गारवा अजून काही दिवस रेंगाळेल. परंतु जलरंगात काम करणाऱ्या माणसाला ऋतू पालटल्याची खूण अंगावरच्या शालीपेक्षा कागदावर आधी कळते. पौषात रंकाळा तलावाच्या काठी सकाळी सात वाजता दिलेला आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सुकायला अर्धा-पाऊण तास लागत असे आणि तेवढ्या वेळात मी निवांतपणे चहा पिऊन परत येत असे. आज त्याच जागी बसले, कागदही तोच तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाड, होता. पण दहाच्या सुमारास वारा सुटला आणि आकाशाच्या डाव्या कडेपासून उजवीकडे पोहोचेपर्यंत डावी कड निम्मी सुकून गेली. अशा अर्धवट सुकलेल्या रंगात भरलेला ब्रश टेकला, की नवे पाणी आधीचे रंगकण ढकलत पुढे नेते आणि ते थांबते तिथे दातेरी किनार उरते. ती नंतर पुसून जात नाही. आजचे आकाश असेच गेले.

दरवर्षी या पंधरवड्यात माझी दोन-चार चित्रे अशी जातात आणि दरवर्षी मला त्याचे वाईट वाटते. मग कागद दोन्ही बाजूंनी पुरता भिजवून ओल्या सुती कापडावर पसरायचा, बारीक ब्रश बाजूला ठेवून मोठा चपटा ब्रश हाती घ्यायचा, आणि उन्हाळी कामासाठी राखलेली ग्लिसरीनची बाटली काढून पाण्यात एखादा थेंब टाकायचा, अशी तयारी सुरू होते. थेंब जास्त पडला तर रंग दिवसभर चिकट राहतो. या साऱ्यापेक्षा अवघड असते ती हाताची गती. थंडीत हात थांबायला शिकलेला असतो. त्याला आता आधी ठरवून मग न थांबता रंग सोडायला शिकवावे लागते.

प्रकाशही बदलला आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर माध्यान्हीसुद्धा दहा फुटी खांबाची सावली इथे सुमारे साडेआठ फूट पडते. मार्चच्या विषुवदिनी ती तीन फुटांवर येते. हिवाळ्यात पंचगंगेच्या घाटावरच्या दीपमाळा आणि पायऱ्या दिवसभर लांब, निळसर सावल्या देतात, त्यामुळे अकरा वाजताही चित्र मिळते. आता नऊनंतर दगड पांढरे पडू लागतात. धुके आणि गुऱ्हाळांचा धूर यांच्यामुळे जोतिबाचा डोंगर जानेवारीत एका फिकट करड्या छटेत बसत होता. तोच आता कोरडा, तपकिरी आणि जवळ आल्यासारखा दिसतो. म्हणून निळा अल्ट्रामरीन कमी लागतो आणि मातकट पिवळा यलो ऑकर व तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना यांच्या ट्यूब लवकर संपतात. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा ही ठिकाणे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांनी आयुष्यभर रंगवली. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांतली हवा आठवली, की एकाच तळ्याकाठी वारंवार का बसायचे, हा प्रश्न मला पडत नाही. रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या दगडांवर पाण्याची रेघ दर आठवड्याला थोडी खाली सरकते आहे. ती मी यंदा तारखेसह टिपून ठेवते आहे.

दुपार मात्र पोटापाण्याच्या कामाची असते. एक व्यक्तिचित्र पूर्ण करायचे आहे, दोन चित्रांना माउंट, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी, कापायचे आहेत, आणि दिवाळीच्या आधी पोहोचवलेल्या एका चित्राचे पैसे अजून आले नसल्याने आज पुन्हा फोन करावा लागला. फोन करणे मला आवडत नाही, पण चांगला सुती कागद महाग आहे आणि तो उधारीवर मिळत नाही. संध्याकाळी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले येतात. आज स्मरणचित्रासाठी त्यांना रंगपंचमी काढायला सांगितली. एका मुलीने माणसे न काढता फक्त भिजलेली भिंत काढली, आणि ती इतकी ओली दिसत होती, की मी तिला ते चित्र आणखी पुढे न नेण्याची विनंती केली.

गेल्या रविवारी पन्हाळ्याच्या वाटेवर पळस फुललेला पाहिला. ‘पळसाला पाने तीनच’ हे आपण सहज म्हणतो; परंतु फुलण्याच्या दिवसांत त्याच्यावर पान जवळजवळ नसतेच, आणि रंगवणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच असते. लांबून झाड केवळ केशरी दिसते म्हणून कॅडमियम ऑरेंज भरले, तर कागदावर गेरूचा ढीग उमटतो. जवळ गेल्यावर कळते, की प्रत्येक फुलाच्या तळाशी काळपट, मखमली पेला असतो आणि त्या काळ्यामुळेच केशरी पेटतो. म्हणून या वेळी मी आधी फांद्या आणि ते पेले गडद रंगात मांडले, मधल्या जागा कोऱ्या ठेवल्या, आणि त्यांत पिवळ्यावर लाल सोडून दोन्ही रंग कागदावरच एकमेकांत मिसळू दिले. तीन कागद वाया गेले. चौथ्यावर झाड उभे राहिले, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

येताना खाली पडलेली फुले पिशवीत भरून आणली होती. ती उकळून, त्यात चिमूटभर तुरटी टाकून मिळालेला पिवळा-केशरी रंग इतका प्रसन्न आहे, की तो चित्रात वापरण्याचा मोह होतो. पण फुलांचे रंग उन्हात विटतात, आणि कुणी पैसे देऊन भिंतीवर लावणार असलेल्या चित्रात असा रंग घालणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. म्हणून त्याची एक पट्टी रंगवून तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकला, आणि आजची तारीख लिहून ती दक्षिणेच्या खिडकीत टाचली आहे. पुठ्ठा गुढीपाडव्याला काढायचा आहे.