ऊन खाल्लेलं पीठ

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात कॉफीबरोबर लिंबाएवढे सोनेरी गोळे हमखास येतात, ते पाँव जी केजू, म्हणजे चीजचे पाव. त्यात गहू नाही, यीस्ट नाही, बेकिंग पावडरही नाही. तरी ओव्हनमध्ये टम्म फुगतात!

ही करामत पोलव्हिल्यूची, कसावाच्या कंदातल्या स्टार्चची. कंद किसून, धुऊन, कुरडयांच्या चिकासारखा खाली बसू द्यायचा. लगेच वाळवला तर ‘गोडा’. पाण्याखाली काही आठवडे आंबवून मग उन्हात वाळवला तर ‘आंबट’. इथे ऊनच हवं. आंबवलेला स्टार्च यंत्रात वाळवला तर आंबट लागतो, पण फारसा फुगत नाही. नुसत्या आंबटाचे पाव कुरकुरीत आणि पोकळ होतात, नुसत्या गोड्याचे चिवट. म्हणून बरेच जण निम्मं-निम्मं घेतात.

अर्धा किलो पिठाला पाव लिटर दूध, अर्धी वाटी तेल आणि दीड चमचा मीठ. दूध-तेल खळखळून उकळलं की थेट पिठावर ओतायचं. कोमट दूध ओतलं की पीठ नीट शिजत नाही, गोळा रवाळ राहतो. मग मात्र धीर धरावा, कारण गरम पिठात अंडी फोडली तर तिथेच त्यांची भुर्जी होते. दोन अंडी, एकेक करून. दुसरं सगळंच घालायचं असं नाही; पीठ हाताला चिकटेल इतपत मऊ झालं की थांबावं. सैल पिठाचे पाव पसरून चपटे होतात. शेवटी पाव किलो किसलेलं, मुरलेलं मिनास चीज. (ते बनवण्याच्या पारंपरिक पद्धतींना २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली.) ते नसेल तर पार्मेझान आणि मोझरेला मिसळून चालतं. पनीरच्या वाटेला जाऊ नये, ते ओलं आणि अळणी.

तेलाच्या हाताने गोळे वळून १९० अंशांवर पंचवीसेक मिनिटं भाजावेत. मध्येच दार उघडून डोकावलं की फुगलेले गोळे बसलेच म्हणून समजा.

साबुदाणाही कसावाचाच, मग तो दळून का नाही? कारण दाणे बनवताना भाजले जातात, त्यात स्टार्च आधीच अर्धवट शिजतो. बाजारात टॅपिओका स्टार्च मिळतो, तो घ्यावा. पण तो गोडा, त्यामुळे पाव जरा कमीच फुगतील.

गार झाले की रबर होतात, तेव्हा लागतील तेवढेच भाजावेत. उरलेले कच्चे गोळे फ्रीझरमध्ये टिकतात आणि न वितळवता तसेच ओव्हनमध्ये जातात. फक्त पाचेक मिनिटं जास्त द्यावीत.